दुसरी वाटी

(निपाणी. सकाळचे दहा. सोनुबाई भिंतीला टेकून खाटेवर. लेक उपासना शेजारी खुर्चीत.)

उपासना : डोळे उघड, आई. औषधाचं तूप प्यालेल्या माणसानं दिवसा झोपायचं नसतं.

सोनुबाई : झोपलीया कुठं? बघतीया.

उपासना : डोळे मिटून काय बघतेस?

सोनुबाई : वखार. वरच्या झडपंतनं उनाची तिरीप आलीया, आन् तंबाखूची धूळ तिच्यात तरंगतीया. पिवळी, हळदीवानी. बाया नाकाला पदर बांधून बसल्यात. बोलत कोन न्हाय. लई निवांत वाटतंय गं.

उपासना : तिथं निवांत कधी होतं? बाया शिंकून शिंकून बेजार व्हायच्या, तूच सांगायचीस.

सोनुबाई : आज कोन शिंकत न्हाय. तुझं आप्पाबी दारात उभं हैत, सायकल घेऊन. मला न्यायला आल्यागत.

उपासना : आप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली. हा गरम पाण्याचा घोट घे. भूक लागली का?

सोनुबाई : न्हाय बाय. गळ्यापातुर तूपच हाय.

उपासना : साडेसहाला वाटी प्यालीस. आतापर्यंत पेज मागायला पाहिजे होतीस. मळमळतंय?

सोनुबाई : उगं जरा. मीच तरंगतीया म्हन की.

उपासना : थांब, ती बरणी बघू. आई, हे सात दिवसांचं तूप होतं. आज चौथा दिवस, आणि तळ दिसतोय.

सोनुबाई : मांजरानं खाल्लं आसंल.

उपासना : झाकण फिरवून? किती पितेस, खरं सांग.

सोनुबाई : तू देतीस ती वाटी. आन् तू अंघुळीला गेलीस की आनि एक.

उपासना : कधीपासून?

सोनुबाई : परवापासनं.

उपासना : अगं, माप मी मोजून देते ते काय हौस म्हणून? पचेल तसं रोज थोडं थोडं वाढवायचं असतं. आधी पाच दिवस सुंठीचं पाणी कशाला दिलं तुला? भूक चांगली लागायला. मग तूप, मग तेल आणि वाफ, आणि सगळ्यात शेवटी जुलाबाचं औषध. तुला घाई कसली झाली होती?

सोनुबाई : तुझं दिवस भरत आल्यात की.

उपासना : माझ्या बाळंतपणाचा आणि तुझ्या खाजेचा काय संबंध? अंग खाजतंय म्हणालीस म्हणून मी हे सुरू केलं.

सोनुबाई : खाज नव्हतीच.

उपासना : काय?

सोनुबाई : तुझ्या दवाखान्यावर बोर्ड हाय न्हवं, शरीरशुद्धी म्हनून. तीस वरसं तंबाखू चाळला, बाय. कातड्यात मुरलाय त्यो. म्हनलं, बाळ यायच्या आत समदा निघून जाईल. एका वाटीनं उशीर लागंल म्हनून दुसरी घेतली.

उपासना : तो शब्द बोर्डावरच राहू दे. हे पोट साफ करायचं औषध आहे. माणसं शुद्ध करायची भाषा आपल्या घरात चालायची नाही. आप्पा असते तर त्यांनी शिडी लावून तो बोर्ड उतरवला असता.

सोनुबाई : उतरवलाच आसता. लई तापट मानूस. पर वास येतोय न्हवं?

उपासना : तुपाचा येतोय. म्हशीजवळ बसल्यागत वाटतंय मला.

सोनुबाई : चेष्टा नगं. मी मालुबाईला सांगून ठेवलंय. बाळाला न्हाऊ-माखू ती घालंल.

उपासना : बेळगावचं घर सोडून मी माहेरी आले, ती मालुबाईसाठी?

सोनुबाई : तिचा हात चांगला हाय. गल्लीतली निम्मी पोरं तिनंच न्हाऊ घातल्यात.

उपासना : आणि तू?

सोनुबाई : मी लांबनं बघंन. हे तूप पुरं हुंदे, मग घीन की जवळ.

उपासना : पुरं होणार नाही. उद्यापासून तूप बंद. आज नुसतं गरम पाणी, आणि खरी भूक लागली तर पेज. परत सुरू करायचं तर निदान दोन महिने जाऊ देत. तोवर बाळ आलेलं असेल.

सोनुबाई : म्हंजे मी हाय तशीच ऱ्हानार.

उपासना : आहे तशीच. रडतेस कशाला गं? वखार सोडून सहा वर्षं झाली. वास येत नाही, आई. डॉक्टर म्हणून सांगते.

सोनुबाई : निस्तं वासाचं न्हाय.

उपासना : मग कशाचं?

सोनुबाई : तुला मी कधी न्हाऊ घातलं न्हाय.

उपासना : म्हणजे?

सोनुबाई : बाळंतपनानंतर सातव्या आठवड्यात कामावर गेलतो आमी समद्या. दिस उगवायला घर सोडायचं. तुला तुझी आज्जी न्हाऊ घालायची. मी सांच्याला यायची, तवा तू पावडर लावून झोपल्याली. पायावर मूल कसं पालथं घालत्यात, पानी कुठनं वतत्यात, मला ठावं न्हाय गं. साठ वरसाची बाई हे कुनाला इचारनार? म्हनून वासाचं नाव केलं.

उपासना : इतकी वर्षं बोलली नाहीस.

सोनुबाई : लाज वाटायची. लोकं म्हनत्यात, लेकीला शिकवून डॉक्टर केलं सोनुबाईनं. आन् लेकीचं डोस्कं कवा धुतलं न्हाय.

उपासना : मालुबाईला येऊ दे मग. आठ दिवस ती घालेल. तू लांबून नाही, तिच्या शेजारी पाटावर बसून बघायचं.

सोनुबाई : आन् नवव्या दिशी?

उपासना : नवव्या दिवशी पाय तू लांब कर. पाणी मी ओतते.