पाच एकरांच्या आत

थांब गं कादंबरी, बाकीच्या गेल्या म्हणून तूही लगेच चपला शोधायला लागलीस — बस इथे, चहा टाकलाय. शैलजाला सांगितलंय मी, तू जा, हिला आम्ही ड्रॉप करू. काका? काका वर आहेत. नाही, खाली नाही यायचे, मीच म्हटलं त्यांना, तुमच्या ऑफिसातली असली तरी आज माझ्याकडे हळदीकुंकवाला आलीये, मी बोलते. पुढच्या रविवारी ठेवणार होते खरं तर, पण मग उद्याचा फोन होऊन गेला असता — म्हणजे, आज हॉलिडे मूडमध्ये सगळ्या जमतात ना, म्हणून आज ठेवलं. ही घे तिळाची वडी. खाल्लीस, माहितीये, आणखी एक घे.

तर उद्याचं. वायोमिंगचं. ती सरकारी ऑफिसातली बाई तुलाच विचारणार ना, गॅसच्या विहिरींच्या या तीन जागा वेगवेगळ्या की सगळं मिळून एकच काम? वेगवेगळ्या म्हणायचं, झालं. माझ्या हातचा तिळगूळ घेतलास ना, मग तिच्याशी गोड बोल. आता यात खोटं काय आहे? कायदाच तसा आहे. दोन हजार पाचचा. पाच एकरांच्या आत जमीन उकरायची असली आणि आणखी दोन-तीन अटी बसल्या, की पर्यावरणाची नवी तपासणी लागत नाही, परमिट पटकन मिळतं. तो काकांनी केला का? इथल्या संसदेने केला, काँग्रेसने. काही वर्षं भांडले, मग तेलवाल्यांना थोडं, पवनचक्कीवाल्यांना थोडं, मक्यावाल्यांना थोडं, असं प्रत्येकाच्या पानात वाढलं आणि उठले. कार्बनला मर्यादा घाला म्हणणारे काही जण होते, ते हात धुऊन रिकाम्या पानाशी तसेच बसले. त्याला तू काय करणार? तुला तर इथे मतही नाही.

हे ताट बघ. गरम असताना थापलं तेव्हा सगळं एक होतं. मग मी सुरीने रेघा मारल्या, झाल्या वड्या. मागच्या संक्रांतीला काका इथेच उभे होते, म्हणाले, पद्मजा, ऑफिसात मी हेच करतो, बारा एकरांचं काम आलं की दोन रेघा मारतो. हसलो आम्ही. तुला नाही येत हसू? बरं. रेघा मारल्या म्हणून तीळ कमी होत नाहीत, हे तू मला नको सांगूस, मला कळतं. ट्रक एकाच रस्त्याने जाणार, गॅस एकाच पाइपने येणार, हेही मला माहितीये — काका बोलून गेले एकदा. तू नाही ऐकलंस माझ्याकडून.

अगं, धमकी नाही देत मी. पण तुझ्या ग्रीन कार्डचं काम कोण करतंय? कंपनीच ना? दोन हजार दोनला काकांची आधीची कंपनी बंद पडली, तेव्हा हा माणूस दीड वर्ष घरी होता. सकाळी शर्ट घालून, टाय लावून या टेबलाशी बसायचा. शेजाऱ्यांना दिसायला नको म्हणून गाडी गराजमधून काढायचा नाही. ते पुन्हा बघायची माझी ताकद नाही, कादंबरी. आता अठ्ठावन्न आहेत ते, त्यांना कोण घेणार? तू तरुण आहेस, तुला — नाही, तुलाही नाही घेणार लगेच, नोकरी गेली की या व्हिसावर साठच दिवस राहता येतं, मग विमानच धरावं लागेल. म्हणून म्हणते, दोघांचंही भलं कशात आहे ते बघ.

काय? तिथे पाऊलच टाकलं नाही तर कसं सांगू? अगं, जानेवारीत वायोमिंगला जाऊन काय बघणार होतीस, गुडघाभर बर्फ असतं. आणि आता त्याचा काय उपयोग, तू जागेवर जाऊन पाहणी केलीस असं लिहून तुझं नाव शुक्रवारीच त्या बाईकडे गेलंय की.

असं काय बघतेस?

काकांनी विचारलं ना तुला? — विचारलं नाही? मला म्हणाले, कादंबरीला चालेल. मला वाटलं, तुमचं बोलणं झालंय, फक्त उद्या तू डगमगायला नकोस, म्हणून तर मी — अगं बस. चहा उतू चाललाय, बस जरा. त्यांचंच नाव घालणार होते, पण त्यांच्या सगळ्या जुन्या फायली त्या बाईने परत तपासायला काढल्यात म्हणे, म्हणून नवं नाव — हे मी बोलायला नको होतं.

फोन ठेव खाली. रविवारी कोण उचलणार त्या बाईच्या ऑफिसात? मेसेज ठेवणार? काय मेसेज? काकांना एकदा विचार तरी, वरच आहेत. चालत कुठे निघालीस, इथे कोण चालतं, हायवेला फुटपाथसुद्धा नाही. आणि ते वाण टेबलावर नको ठेवूस. वाण परत करत नाहीत गं. कादंबरी.

अहो. खाली या.

नाही, रागावून नाही गेली. तिला कळलं.

मीच सांगितलं.