कमांड कोणाची

तुमसरच्या स्टँडवर मंजुषा भंडाऱ्याच्या बसची वाट पाहत होती. बाकावर शेजारी बाप-लेक बसले होते. मुलाकडच्यांनी लेकीला लग्नासाठी पाहायला बोलावलं होतं, एवढं मंजुषाला न विचारताच कळलं.

बाप म्हणाला, "चंदनची आई सांगत होती, पोरानं कॉम्प्युटरवर अशी कमांड लिहिली म्हनते, का तुमच्या हापिसातल्या वेबसाइटांच्या साऱ्या सर्टिफिकेटच्या फायली आपोआप लागतात."

"अजून काय म्हनाली?"

"कोनतं सर्टिफिकेट कोन्या वेबसाइटचं, कोनाची मुदत सरली, सारं एका ओळीत समजते. साहेबानं त्याले बढती देली."

"बाबा, ते कमांड मी लिहिली."

"माहीत आहे."

"तीन हजार फायली होत्या. एकीचंही नाव धड नव्हतं. चंदननं फक्त मीटिंगमधी दाखवली."

"माहीत आहे न, दामिनी. दोन महिने तुले लॅपटॉपपुढं बसलेलं मीच पाह्यलं."

"मंग त्याच्या आईले सांगितलं काहून नाही?"

"स्थळ चांगलं आहे. आज तू बी काही बोलू नको."

"चंदनले माहीत आहे, तुमाले हे ठाऊक आहे म्हनून?"

"त्यानंच फोन केला होता. पोरगा सरळ आहे, माफी मागतली त्यानं."

"कोनाले?"

"मले."

"मले नाही मागतली, बाबा."

"लगन झाल्यावर ते घरचीच गोष्ट होते."

बस लागली. मंजुषा चढून शेवटच्या बाकावर जाऊन बसली. बापानं पुढं दोघांची जागा धरली आणि हाक मारली. दामिनी चढली, त्याला ओलांडून मागं गेली आणि मंजुषाशेजारी येऊन बसली.