ड्रोनची कवायत

आमच्या वाठोरे सरांनी ड्रोन उडवला, ते सांगतो. सर गोरेगावला आमच्या शाळेत पीटी शिकवतात. डोंगरकड्याला आम्हा शिक्षकांचं ड्रोन प्रशिक्षण होतं. शेवटच्या परीक्षेत सर पास झाले, तरच शाळेला ड्रोन मिळणार होता.

ट्रेनर मॅडम म्हणाल्या, "सर, उजवीकडे घ्या."

ड्रोन डावीकडच्या लिंबाच्या झाडावर निघाला.

"सर, उजवीकडे!"

"उजवीकडंच घेऊन राहिलो ना!"

मॅडमनी धावत येऊन तो कसाबसा उतरवला.

"सर, असं काहून होऊन राहिलं?" मी विचारलं.

"अहो, कवायतीत पोरं माझ्याकडं तोंड करून असतात. त्यांचा उजवा हात वर करायला मी माझा डावा करतो. तीच सवय लागली." मग ते मॅडमकडे वळले. "एक डाव द्या. फक्त या ड्रोनचं तोंड माझ्याकडं करा."

"सर, तसं तर जास्त अवघड असतं."

"करा तर!"

तोंड फिरवलं आणि उजवीकडे, डावीकडे, सगळं बराबर झालं. ड्रोन चुन्याच्या गोलात अलगद उतरला.

"पास!" मॅडम म्हणाल्या.

सर खुशीत ओरडले, "विश्राम!"

ड्रोन तर थांबलेलाच होता. मागे रांगेत उभे असलेले आम्ही सगळे मास्तर मात्र हात पाठीशी बांधून, पाय पसरून उभे राहिलो.