दोन ठोक्यांची जागा

प्राचार्य: म्हणजे नाही, असंच कळवू त्यांना?

लेक: हो सर. नाही, असंच.

आत्या: अगं, माणूस नवीकोरी वाद्यं घेऊन दाराशी उभा आहे आणि तू त्याच्या तोंडावर दार लावतेस? हात खाली कर. तो नव्हे, दुसरा. हा गणवेश तुझ्या मापाचा नाही हे मला दिसतंय, पण आत कुणी असल्याशिवाय मला बाही बसवता येत नाही.

प्राचार्य: आत्याबाई, तुम्हीच समजावा हिला. तुमचा शब्द ऐकेल.

आत्या: माझा? हिच्या बापाने कधी ऐकला नाही, ही काय ऐकतेय. दोघांचं एकच. आवाज चढवायचा नाही, आणि जागचं हलायचं नाही.

लेक: टाचणी टोचतेय, आत्या.

आत्या: टोचू दे.

प्राचार्य: मी पुन्हा एकदा नीट सांगतो. ते आपले माजी विद्यार्थी आहेत. फरशांचा कारखाना आहे, पैशाला कमी नाही. सगळी वाद्यं नवी देतो म्हणतात. गणवेश नवे, खांद्यावर सोनेरी झालर. पगारी शिक्षक. बदल्यात काय मागतात, तर बँडला मास्तरांचं नाव. मास्तरांचा स्मृती बँड. तुझ्या वडिलांचं नाव, बाळ, माझ्या नाही.

लेक: आणि ढोलावर त्यांचा चेहरा.

प्राचार्य: रंगवून. चांगला चित्रकार बघितलाय.

लेक: म्हणजे दर पावलाला बाबांच्या नाकावर दणका बसणार.

आत्या: हसू नकोस. आणि मलाही हसवू नकोस, तोंडात टाचण्या आहेत.

लेक: पुढचंही सांगा ना सर. आत्याला ते माहीत नाही.

प्राचार्य: पुढचं म्हणजे… शनिवारी वर्धापनदिन आहे. ते स्वतः पहिल्या रांगेत असणार, पाहुणे आणणार. तर त्या दिवसापुरतं, फक्त त्या दिवसापुरतं, संगीत रेकॉर्डवर लावायचं. स्पीकर तेच पाठवतील. मुलांनी वाद्यं तोंडाला लावून चालायचं. पावलं मुलांची, आवाज तेवढा बाहेरचा.

आत्या: आणि फुंकायचं नाही?

प्राचार्य: गाल फुगवायचे.

आत्या: अस्सं.

प्राचार्य: आत्याबाई, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. क्रीडा महोत्सवात काय झालं ते तुम्ही पाहिलं नाही. हिने पाहिलंय. भर मैदानात, चालीच्या मधोमध अख्खा बँड गप्प झाला. पाय चालू, वाद्यं बंद. लोकांना वाटलं संपलं, टाळ्या पडल्या. आणि टाळ्या सुरू असतानाच हे पुन्हा वाजायला लागले. पुढच्या फेरीत तेच. मग तर लोक त्या जागेची वाट बघायला लागले. संस्थेची माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी बुटांकडे. परवा समितीची बैठक आहे. बँड बंद करा आणि खोली रिकामी करा, असा ठराव तयार आहे. माझ्याकडे त्याला एवढं एकच उत्तर होतं.

आत्या: खोली कुणाला देणार?

प्राचार्य: जुनी बाकं ठेवायला.

आत्या: द्या की. तसंही दारावर अजून 'क्रीडा साहित्य' लिहिलंय. आयुष्य घालवलं माझ्या दादाने या खोलीत, पण पाटी बदलायला कुणाला सवड झाली नाही. आणि आज नाव द्यायला कुणीतरी आलंय तर ही पोरगी… नाव नको म्हणतेस, हे मला पटत नाही. स्पीकरचं सोड. ते चूकच आहे. पण नाव घे. त्याला कुणी काही दिलं नाही गं.

लेक: दिलं नाही, हे खरंच आहे.

आत्या: मग?

लेक: आत्या, ही मुलं चालीच्या मध्ये का थांबतात, माहीत आहे तुला?

आत्या: मला काय कळतं त्यातलं. कच्ची असतील.

लेक: कच्ची असती तर पुढेमागे थांबली असती. ही सगळी एका जागी थांबतात. बरोबर दोन ठोके. आणि सगळी एकदम उचलतात. शिकवल्याशिवाय असं जमत नाही.

प्राचार्य: मास्तरांनी शिकवलं? असं?

लेक: ती चाल मी पाळण्यात ऐकलीय सर. तिथे थांबा नाही. क्रीडा महोत्सवात मी गर्दीत उभी होते. पहिल्या फेरीला मलाही वाटलं की चुकली. दुसऱ्या फेरीला मी ठोके मोजले. दुसऱ्या दिवशी ढोलवालीला विचारलं, तुम्ही तिथे का थांबता. तिने माझ्याकडे असं बघितलं, जशी मीच वेडी आहे. म्हणाली, ताई, चालच तशी आहे. सर तिथे थांबायचे.

आत्या: दादा थांबायचा?

लेक: ते कागदावरून शिकवत नसत. स्टुलावर उभं राहायचं, कॉर्नेट तोंडाला लावायचं, आणि मुलांनी ऐकून उचलायचं. शेवटची दोन वर्षं त्या जागी त्यांना दम पुरत नव्हता. कॉर्नेट खाली घ्यायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा वर. मुलांना वाटलं, चाल अशीच असते. मोठ्यांनी धाकट्यांना तशीच शिकवली.

प्राचार्य: मला कधी दिसलं नाही.

लेक: तुम्हाला दिसू दिलं नाही. मलाही नाही. घरी जिन्यात थांबायचे, तर बुटाची नाडी बांधायचे. मी म्हणायचे, बाबा, बिननाडीचे बूट घ्या आता. मला शेवटच्या महिन्यात कळलं, डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा. त्यांच्या बँडला दोन वर्षं पाठ होतं.

आत्या: थांब. हलू नकोस. दोरा सुटला माझा.

प्राचार्य: हे… हे फार वेगळं आहे. बाळ, तू हे मला आधी सांगायचंस. हे त्यांना कळलं ना, तर ते स्पीकरचा हट्ट सोडतील. मी सांगतो तुला, थांबा तसाच ठेवू. वाजवायच्या आधी मी स्वतः दोन शब्द बोलतो, की हा मास्तरांचा श्वास आहे. लोक उभे राहतील. डोळ्यांना पदर लावतील. समितीची काय बिशाद मग बँड बंद करायची.

आत्या: खरंच गं. चेहरा नको, झालर नको. एवढं तरी राहू दे त्याचं.

लेक: नाही.

आत्या: आता यात काय वाईट आहे?

लेक: ती चूक आहे, आत्या.

आत्या: चूक? बापाचा श्वास तुला चूक वाटतो? दिवसभर त्या छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका खोडतेस, तशी ही पण खोडणार?

लेक: हो. एखाद्या मुलाने अर्धा ठोका जरी खाल्ला तरी बाबा अख्खं मैदान पुन्हा चालायला लावायचे. ते आज असते आणि कुणी त्यांना सांगितलं असतं की तुमच्यामुळे बँड चुकीचं वाजवतोय, तर दोन दिवस जेवले नसते. जे त्यांनी बुटाच्या नाडीखाली लपवलं, त्याला तुम्ही स्पीकर लावताय, सर. लोक रडतील, मला माहीत आहे. माझ्या बाबांना दम लागायचा, हे ऐकायला मी लोकांना मैदानावर बोलावणार नाही.

प्राचार्य: पण बाळ, रडली तर बँड वाचेल.

लेक: त्यांनी माणसं रडवायला बँड उभा केला नव्हता. चालायला केला होता.

प्राचार्य: बरं. ठीक. तुझं म्हणणं मला कळलं, पण वस्तुस्थिती बदलत नाही. वाद्यं फुटकी आहेत. शिक्षक नाही. पैसा नाही. परवा समितीपुढे मी काय ठेवू? तुझा बाणेदारपणा?

लेक: युफोनियमची गळती थांबली. बाबांचा एक जुना विद्यार्थी गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करतो, त्याने डाग दिला. म्हणाला, जन्मभर वाफेशीच झगडतोय, ही तर फुंकर आहे. तीन कॉर्नेटच्या अडकलेल्या कळा मोकळ्या झाल्या. बँडमध्ये पूर्वी वाजवणाऱ्या सगळ्यांकडे मी जातेय. देणगी मागत नाही. एकेका वाद्याची देखभाल अंगावर घ्या म्हणते. अर्ध्याअधिकांनी घेतली. ट्रॉम्बोनवर दोघींचं भांडण झालं. सायकल शर्यतीवाल्यांनी सुरुवातीला वाजवायला बोलावलंय, मानधन देऊन. दवाखान्याची नवी इमारत उघडतेय, तिथेही जाणार. गणवेश आत्या जुन्यातून करतेय.

आत्या: तीन फाटक्यांचा एक. टाचण्यांचे पैसेसुद्धा घेतले नाहीत अजून, नोंद असू द्या.

लेक: आणि शिकवायला मी आहे. रोज सकाळी, छापखाना उघडायच्या आधी. पगार नको. मला तुमच्याकडून मैदान हवंय आणि ही खोली. शनिवारी मुलं स्वतः वाजवतील. स्पीकर नाही, भाषण नाही, नाव नाही. ऐकून तुमच्या देणगीदारांना वाद्यं द्यावीशी वाटली तर द्यावीत, आम्ही आनंदाने घेऊ. पण बँडला म्हणून द्यावीत.

प्राचार्य: आणि समितीने खोली काढून घेतली तर?

लेक: तर रस्त्यावर सराव करू. समितीच्या घरांवरून.

आत्या: हे मात्र दादाचं बोलणं झालं.

प्राचार्य: तू माझी नोकरी घालवणार. थांब जरा, त्यांचाच फोन आहे… हं, नमस्कार, नमस्कार. हो, इथेच आहे, त्यांच्या मुलीसमोरच. नाही. रेकॉर्ड नको म्हणतेय… नाही, चेहराही नको… नाव? नाव बँडच. कॉलेजचा बँड… अहो, भावना मी समजतो आपल्या, पण तिचा बाप आहे तो, माझा नाही… मुलं स्वतः वाजवणार आहेत… हो, चुकलं तर चुकलं… बरं. बरं. जशी आपली इच्छा.

आत्या: काय म्हणाले?

प्राचार्य: मग मी येऊन काय करू, म्हणाले.

लेक: खुर्ची मांडलेली राहू द्या. कुणीतरी बसेल.

प्राचार्य: तुला काहीच वाटत नाही का गं? नवीकोरी वाद्यं गेली.

लेक: वाटतं. नव्या कॉर्नेटचा वास कसा येतो मला माहीत आहे. लहानपणी एकदाच घेतलाय.

प्राचार्य: हं. समितीचं मी बघतो. बैठक वर्धापनदिनानंतर ठेवतो, कोरमचं काहीतरी कारण काढून. शनिवारी ऐकू दे त्यांना, मग काय ठराव करायचा तो करू देत. तोवर या खोलीला कुलूप लागणार नाही, एवढा शब्द. आणि एक सांगू? मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण क्रीडा महोत्सवात ती पहिली टाळी कुणी वाजवली असेल?

आत्या: कुणी?

प्राचार्य: मी. संपलं म्हणून सुटकेने वाजवली. बाकीच्यांनी मग माझं बघून. येतो.

आत्या: गेला बिचारा. माणूस तसा वाईट नाही, फक्त खुर्ची उंच झाली की पाय लोंबकळतात. काढ आता तो कोट. हळू, बाही कच्ची आहे.

लेक: रागावलीस?

आत्या: हो. त्याचं एवढंच उरलं होतं, आणि तू तेही पुसून टाकणार. मी त्याला कडेवर घेतलेलं नाही, तो मला घ्यायचा. माझा मोठा भाऊ होता तो, तुझा फक्त बाप नव्हता.

लेक: माहीत आहे.

आत्या: तुला सोपं आहे.

लेक: सोपं नाही, आत्या. रोज सकाळी मुलं तिथे थांबली की मी पण थांबते. मुलं दोन ठोक्यांनी पुढे जातात. मी तिथेच उभी असते, कुणीतरी कॉर्नेट पुन्हा वर उचलायची वाट बघत. असा बँड शिकवता येत नाही.

आत्या: बोलली का नाहीस मग?

लेक: बोलले ना आत्ता.

आत्या: ये इकडे. असू दे, टाचण्या काढल्यात मी. मग आता ती मुलं काय करतात तिथे? दम तर त्यांनाही लागत असेल.

लेक: लागतो. ती जागाच लांब आहे, एका दमात कुणालाच जमत नाही. म्हणून आता वाटून घ्यायला शिकवतेय. शेजारच्याने श्वास घेतला की आपण घ्यायचा नाही. आपण घेतला की त्याने वाजवत राहायचं. एकाचा आवाज खाली जातो, दुसऱ्याचा त्याला धरून ठेवतो. बाहेर ऐकणाऱ्याला काही कळत नाही.

आत्या: हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?

लेक: बाबांनी सांगितलं होतं, मी शाळेत असताना. त्यांच्या शेजारी तेव्हा कुणी वाजवणारं असायचं. नंतर ते स्टुलावर एकटेच उभे राहायचे.

आत्या: तू का नाही उभी राहिलीस?

लेक: त्यांनी बोलावलं नाही. मी विचारलं नाही.

आत्या: जाऊ दे. जाऊ दे, बाळा. खिडकी उघड. तुझी ती ढोलवाली पोरांना ओरडतेय, ऐकू दे मला काय म्हणतेय.

(मैदानावर ढोलाचे चार ठोके पडतात आणि बँड सुरू होतो. दोघी खिडकीशी उभ्या राहतात.)

आत्या: जरा चिरका आहे नाही, तो डावीकडचा?

लेक: क्लॅरिनेट. येईल वळणावर.

आत्या: ती जागा आली की सांग हं मला. मी मन घट्ट करून ठेवते.

लेक: गेली, आत्या.

आत्या: गेली? कधी? मला कळलंच नाही.

लेक: बाबांनाही कुणाला कळू द्यायचं नव्हतं.