वीस मिनिटांचं काम

...आणि वर तो व्हिडिओतला माणूस हसतो हो! तोंडभर हसतो! ‘फक्त वीस मिनिटांचं काम आहे मित्रांनो, आणि वायर कुठूनही दिसणार नाही!’ अरे कसला मित्र? तुझी माझी ओळख ना पाळख! तुम्हाला सांगतो, त्या वीस मिनिटांतल्या सतराव्या मिनिटाला मी माझ्याच गाडीत मागच्या सीटवर उताणा पडलो होतो, पाय दाराबाहेर, तोंडात टॉर्च, आणि वरून छताच्या अस्तराची एक कड सुटून माझ्या नाकावर आलेली! आणि सोसायटीतले येणारे-जाणारे माझ्या पायांशी बोलत होते. ‘काय, गाडी धुताय का?’ हो! आतून! जिभेनं!

हात घालायची काही गरज होती का? नव्हती!

पण ऐका, मी काही हौसेनं नाही घातला. आमची मुलगी तेवीस वर्षांची. लायसन्स मिळून तीन महिने झालेले. दुसऱ्या गावी नोकरी लागली, पाच तासांचा रस्ता, आणि जाताना गाडी घेऊन जाणार, एकटी. ठरलं होतं. मीच हो म्हटलं होतं. आणि निघायच्या आदल्या बुधवारी ती सिग्नलला उभी असताना पुढच्या माणसानं गाडी मागे घेतली आणि धाडकन हिच्या बंपरवर आणून आपटली. बरं, आपटली तर आपटली, खाली उतरून हिलाच ओरडायला लागला! ‘डोळे कुठे होते? कुणी दिलं लायसन्स?’ चार माणसं जमली. चारही जणांनी काहीच पाहिलं नव्हतं आणि चारही जणांची खात्री होती की चूक हिचीच! आणि माझी पोर... तुम्हाला सांगतो, माझी पोर त्याला सॉरी म्हणून घरी आली. जेवताना मान खाली घालून मला म्हणते, ‘बाबा, माझीच चूक असेल. मला नीट आठवत नाही.’

मी तसाच ताटावरून उठलो आणि फोनवर शोधायला बसलो.

म्हणून कॅमेरे! म्हटलं, साक्षीदार पाहिजे. पुढे एक, मागे एक. कुणी काय केलं ते छापलं जाईल! मागवले. आले शनिवारी संध्याकाळी. आमच्या गॅरेजच्या इलेक्ट्रिशियनला फोन केला. हा माणूस फार कमी बोलतो. म्हणाला, ‘मंगळवारी आणा.’ म्हटलं, ‘अहो, ती सोमवारी सकाळी सहाला निघते!’ म्हणाला, ‘रविवारी बंद.’ म्हटलं, ‘मग मी बसवू का?’ मग म्हणाला, ‘हात घालू नका.’

सांगितलं होतं! माणसानं सांगितलं होतं!

पण मी व्हिडिओ पाहिला ना! रविवारी सकाळी दहाला खाली उतरलो. व्हिडिओत तो एक प्लास्टिकची पट्टी दाखवतो, आतली कव्हरं उचकटायला. ती आपल्याकडे कुठली? मी स्वयंपाकघरातून उलथनं घेतलं. बायको दारात. ‘अहो, ते कुठे चाललं?’ म्हटलं, ‘गाडीत.’ म्हणाली, ‘कशाला?’ म्हटलं, ‘वायर आत सारायला.’ माझ्याकडे नुसतं बघितलं आणि म्हणाली, ‘परत आणताना धुऊन आणा.’ तीस वर्षांच्या संसारात हिचा माझ्यावर केवढा विश्वास, बघा! उलथनं परत येईल, एवढाच!

पुढचा कॅमेरा आरशामागे चिकटवला. झकास! वायर छताच्या अस्तरात सारत सारत काचेच्या कडेनं नेली. तीही गेली. मागचाही लागला, तो मागच्या सीटवरचा उताणा प्रकार त्यातलाच. मला काय वाटायला लागलं, सांगू? मी म्हटलं, आपण उगाच ऑफिसात फायली चाळत आयुष्य घालवलं! मग काचेच्या बाजूचा तो खांब असतो ना, त्याच्यावरचं प्लास्टिकचं कव्हर. त्यात उलथनं घातलं. निघेना. जोर लावला. निघेना. मग दोन्ही पाय दाराच्या चौकटीला लावले आणि ओढलं, तर कटाक! कव्हर माझ्या हातात, त्यातली एक क्लिप कुठेतरी अंतराळात, आणि मी थांबवलेला व्हिडिओ पुन्हा चालू केला, तेव्हा तो हसतमुख काय म्हणतो? ‘आणि मित्रांनो, हे कव्हर अगदी हळूच काढा हं, कारण यात एअरबॅग असते!’

अरे मग हे आधी सांग की रे!

समोर बघतो तर खरंच, पांढऱ्या कापडाची गुंडाळी, माझ्या कानापासून वीतभर. मी दोन्ही हात वर केले. पोलिसानं धरल्यासारखे! श्वास रोखून बसलो. घामाचा थेंब नाकावर आला, तो पुसावा की नको? पुसताना धक्का लागला आणि ती फुगली म्हणजे? दहा मिनिटं मी तसा बसलो होतो हो! बायकोनं वरून गॅलरीतून हाक मारली, ‘अहो, जेवायला येताय ना?’ मी ओठ न हलवता म्हटलं, ‘नाही.’ ती म्हणाली, ‘काय?’ म्हटलं, ‘हलू शकत नाही.’ तर म्हणते, ‘कंबर धरली ना? मला वाटलंच होतं.’ आणि गेली आत!

बरं, गाडी बंद होती, एअरबॅग आपोआप थोडीच फुगते? पण हे मला कुणी सांगायचं?

असो. वायर त्या गुंडाळीच्या मागून नेली, पुढून नाही, हे मात्र व्हिडिओत ऐकून पक्कं केलं. पोरीच्या जिवाशी खेळ नाही. खाली फ्यूजच्या पेटीपाशी आलो. तिथे बोटाच्या पेराएवढे तीस-चाळीस फ्यूज, लाल, निळे, पिवळे. त्यातला एक काढायचा, त्याच्या जागी कॅमेऱ्याची वायर घुसवायची. कुठला? व्हिडिओतली गाडी वेगळी, माझी वेगळी! झाकणावर चित्रं असतात, ती मुंगीला वाचता येतील एवढी. मी एक निवडला. अंदाजानं. जोडला. चावी फिरवली. कॅमेरा बंद. आणि डोकं बाहेर काढताना माझा कोपर हॉर्नवर पडला, पॅऽऽ, आणि कॅमेऱ्याचा दिवा लागला! कोपर उचलला, दिवा गेला. पुन्हा दाबला, पॅऽऽ, लागला!

कळलं का काय झालं ते? हॉर्न दाबलेला असेल तोवरच कॅमेरा बघणार! म्हणजे माझ्या पोरीनं पाच तास, शंभर गावांतून, हॉर्नवर हात ठेवून बोंबलत जायचं! साक्षीदार आणला, तोही असा, की आरडाओरडा केल्याशिवाय डोळे उघडत नाही!

घाईघाईनं ते काढायला गेलो आणि शेजारचाच एक फ्यूज निसटला. टिक... टिक... टुक... आत कुठेतरी गेला. चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही! गाडीच सुरू होईना!

तुम्हाला खोटं नाही सांगत, मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. (हॉर्न वाजला. उचललं.) दुपारचे तीन वाजलेले. वर पोरगी बॅगा भरते आहे. उद्या सहाला निघायचं. पहिला दिवस नोकरीचा मंगळवारी. आणि बापानं काय केलं? चालती गाडी मारून ठेवली! त्या सिग्नलवाल्यानं नुसता बंपर चेपला होता, मी तर जीवच घेतला! हात घालायची काही गरज होती का? सांगा! नव्हती!

इलेक्ट्रिशियनला फोन लावला. म्हटलं, ‘दादा...’ तो माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे, पण वेळच तशी होती. ‘दादा, गाडी सुरू होत नाही.’

तो म्हणाला, ‘हात घातला?’

‘घातला.’

‘हं.’

त्या ‘हं’मध्ये काय काय होतं, ते तुम्हाला काय सांगू! शाळेत गणिताच्या मास्तरांनी मला कधी असा ‘हं’ दिला नव्हता. मग म्हणाला, ‘फोटो पाठवा.’ पाठवला. ‘वरून दुसरी ओळ, रेडिओचा फ्यूज काढा. रिकाम्या जागी घाला. रंग एकच आहे, चालेल. कॅमेरा खालच्या ओळीत, डावीकडून चौथा. काळी वायर अर्थिंगची, ती रंगवलेल्या पत्र्यावर नाही, उघड्या लोखंडाच्या बोल्टला.’ मी केलं. चावी फिरवली... सुरू! हो, सुरू! पुढचा चालू, मागचा चालू, हॉर्नचा हॉर्न वेगळा! म्हटलं, ‘दादा, तुमचे उपकार...’ तो म्हणाला, ‘आता काढा.’ म्हटलं, ‘काय?’ म्हणाला, ‘हात.’

आणि इथे मी थांबायला हवं होतं. पण त्या खोक्यात तिसरा कॅमेरा होता हो. छोटासा. आत बघणारा. भाड्याच्या गाड्यांसाठी असतो तसा. फोनवर घरबसल्या दिसतं, कोण गाडीत बसलंय, काय करतंय. तो मी... लावला. आरशाखाली. आणि त्याची वायर इतकी सुंदर लपवली, की दिवसभरात तेवढंच एक काम मला जमलं असेल!

साडेसहाला पोरगी बॅग घेऊन खाली आली. पुढे बसून बघितलं, बोटानं कडा चाचपल्या. ‘बाबा! वायर दिसतच नाही!’ माझी छाती फुगली. मग तिनं आरसा नीट केला आणि तिचा हात थांबला.

‘बाबा, हा माझ्याकडे का बघतोय?’

‘कोण?’

‘हा.’

‘तो... सेटमध्येच आला होता.’

‘ते कळलं. लावला कशाला?’

बायकोही खाली आलेली. ती उलथन्याकडे बघत म्हणाली, ‘सांगा की.’

म्हटलं, ‘काळजी वाटते बाळा. पाच तास एकटी. झोप लागली, काही झालं... मला घरून दिसेल.’

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, ‘बाबा, त्या दिवशी सिग्नलला तो माणूस ओरडत होता ना, तेव्हा मला वाटत होतं, माझ्या बाजूनं बघणारं कुणीतरी असायला हवं होतं. माझ्या बाजूनं, बाबा. माझ्याकडे नव्हे.’

पुन्हा उलथनं घेतलं, पुन्हा तो खांब, पुन्हा ती पांढरी गुंडाळी. पण या वेळी टॉर्च तिच्या हातात होता. आणि तिची बोटं बारीक, जिथे माझी जात नव्हती तिथे सहज गेली. मी बोलत होतो, ती सारत होती. वायर काढली, कव्हर बसवलं, निसटलेली ती क्लिप पायपुसण्याखाली सापडली ती लावली, दाराचं रबर दाबलं. ‘हे असं का?’ ‘ते तसं का?’ सगळं विचारलं. दिवेलागणीला काम संपलं. म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला सगळं येतं.’ मी इलेक्ट्रिशियनचं नाव घेतलं नाही. बायकोनंही नाही. हे तिचे उपकार.

सोमवारी सहाला गेली. मी फाटकात उभा. मागचा कॅमेरा माझ्याकडे बघत बघत वळणाआड गेला. घरात येऊन पाच तास मी फोन मांडीवर घेऊन बसलो. अकरा वाजून दहा मिनिटांनी वाजला.

‘बाबा, पोचले! वाटेत एकानं कट मारला आणि खाली उतरून भांडायला आला. मी फक्त बोटानं कॅमेरा दाखवला. गेला गपचूप!’

तुम्हाला सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या! म्हटलं, सार्थक झालं! हात घातला ते बरं केलं!

पण ती थांबते कुठली. ‘आणि बाबा, इथल्या घरमालक काकांनी आपलं काम बघितलं. म्हणाले, वायर कुठे आहे गं? मी म्हटलं, आमच्या बाबांनी बसवलेत! तर त्यांनाही बसवून हवेत. गाडी मला फाटकाच्या आत लावू देणार आहेत त्याबदल्यात. रविवारी याल ना? मी सांगून टाकलंय.’

मी सगळं खरं सांगणार होतो. तोंड उघडलं होतं. पण गाडी फाटकाच्या आत राहणार... आणि रविवारी पोर दिसणार... मिटलं तोंड. म्हटलं, ‘येतो. त्यांची गाडी कुठली आहे?’

‘कार नाही बाबा, बस आहे. शाळेची. बत्तीस सीटची. सहा कॅमेरे आणलेत त्यांनी.’

मी म्हटलं, ‘बरं. मग शनिवारीच येतो.’