मिटून ठेवलेला डोळा

आदरणीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरचे डॉक्टरसाहेब, जिच्या निरोपासाठी आज जमलो ती आपली सिस्टर आणि समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी मॅट्रिक झालेली एक गृहिणी. चारचौघांत बोलायची ही पहिलीच खेप. पण आज गप्प बसून घरी गेले असते, तर देवापुढे हात जोडताना अवघडले असते.

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. साखरेचा आजार जुना. दवाखान्यात डोळ्याच्या आतला फोटो काढणारं यंत्र आलं, तपासणी मोफत, म्हणून मी ह्यांना ओढत आणलं. फुकटची गोष्ट वाया घालवणं माझ्या जिवावर येतं, हे शेजारणींना ठाऊक आहेच. हसू नका गं!

यंत्रापुढे बसले तरी ह्यांची टकळी चालूच. "सिस्टर, घड्याळातली केसाएवढी कमान एका दमात बसवतो मी. माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"काका, हनुवटी टेका आणि तोंड मिटा. फोटो हलतो."

पडद्यावर फोटो आला. काय सांगू! नारिंगी गोल, त्यात झाडाच्या फांद्यांसारख्या लाल रेघा. इतकी वर्षं ह्यांच्या डोळ्यांत बघतेय, पण एवढ्या आत कधी गेले नव्हते! चहा निवायच्या आत संगणकाने निकाल दिला. दोन्ही डोळ्यांत दोष, डाव्यात जास्त, डॉक्टरांना लगेच दाखवा.

"यंत्र बिघडलंय," हे म्हणाले. "आणा इकडे, उघडून साफ करून देतो."

सिस्टर वाद घालत बसली नाही. तिने ह्यांचा उजवा डोळा तळहाताने झाकला. "काका, समोरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचा."

ह्यांनी मान पुढे ताणली. मग हळूच म्हणाले, "कॅलेंडर कुठाय?"

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. घड्याळजी भिंग लावतो उजव्या डोळ्याला आणि डावा मिटून घेतो. एरवी चांगला डोळा वाईटाला सांभाळून घेतो. मग मिटलेल्या डोळ्यातला अंधार कळणार कुणाला? आणि उजवाही गेला असता, तर ह्यांच्या हातांनी करायचं काय होतं?

डॉक्टरसाहेबांनी स्वतः तपासून खात्री केली, लेझर केलं. डाव्याचं गेलेलं सगळं परतणार नाही, पण उरलेलं टिकेल, असं म्हणाले. उजवा वेळेत सापडला.

त्या यंत्राला अक्कल आली कुठून? सिस्टर म्हणाली, लाखो माणसांच्या डोळ्यांचे फोटो दाखवून त्याला शिकवलंय. म्हणजे ज्यांची नजर गेली, त्यांचेही डोळे त्यात असणार ना? कुठली कोण ती माणसं! त्यांच्या अंधारातून माझ्या घरात उजेड आला. याला विज्ञान म्हणा, मी कृपा म्हणते; त्या अनोळखी माणसांसाठी रोज हात जोडते.

सिस्टर, नव्या गावीही एखादा हट्टी काका भेटेलच. त्याचंही ऐकू नकोस, बाई.

हल्ली आमचे हे काम करता करता थांबतात, उजवा डोळा झाकतात आणि डाव्याने माझ्याकडे बघतात.

"दिसतेस गं," म्हणतात. "जरा धुरकट; पण दिसतेस."

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल, तर घरचीच समजून पदरात घ्या.