अफीम सुटली तवापासून

माहेर माहं सालेकश्याकडचं, दिलं मले इकडं दवनीवाड्यात. काय सांगू तुमाले, आमच्याकडं पोट्टं रडलं का त्याले मोहरीएवढी अफीम चाटवत, म्हनजे ते झोपे आन् माय धान रोवाले मोकरी. मलेबी चाटवली असंन, मी माह्या लेकाले चाटवली. बारंतपनात कंबर धरली तवा सासू म्हने, घे वं थोडीसी, दुखनं जाते. दुखनं गेलं, अफीम रायली. लेकाचं लगन झालं तरी रायली.

मंग स्वराज आलं, सरकारनं अफीमची दुकानं बंद केली, आन् माहं आंग असं तुटे का मी अंगनात गडबडा लोरो. लेकानं नागपूरले सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं घाम, ओकाऱ्या, सारं झालं, ते नोका विचारू. निंगताना डॉक्टर म्हने, बाई, छूट गया, अब घर में आराम से रहना. आराम कायचा, घरी आली त अफीमवाली बुडी म्हनून कोनी बोलेना. सेजारीन चुना मांगाले ये, तेबी याची बंद झाली. सून धानाच्या कोठीले हात लावू दे नाई, तिले वाटे बुडी धान इकून अफीम खाईन.

धानाचा रोवना आला. रोवन्यात गावात बोलाले त सोडा, भांडालेबी मानूस नसते. सकारी पाहतो त सून माह्या तान्ह्या नातवाले मांडीवर घेऊन, चोरून आनलेल्या डबीतलं बोटावर काही कालवून रायली. वासानंच समजलं. तोंडाले पानी सुटलं माह्या, आंग मांगते अजूनबी, खोटं कायले सांगू. पन मी म्हनलं, नोको चाटवू वं, त्याचंबी माह्यासारखं होईन, पोट्टं माह्यापासी ठेव. सून म्हने, तुमच्यापासी? तुमचा भरोसा कोन करन? असं तोंडावर. लेक दारात उभा होता, तो बैलं सोडाले गेला. मी म्हनलं, नोको करू भरोसा, पन ते बोट धुव. रोवन्याच्या बाया बाहेरून हाका मारून रायल्या होत्या. तिनं बोट धुतलं, पोट्टं माह्या मांडीत टाकलं आन् डबी कंबरेले खोचून निंगून गेली.

दिवसभर रडलं पोट्टं, दात येऊन रायले होते त्याचे. पेज पाजली, खांद्यावर टाकून फिरली, गाने म्हनले, मंग मीबी रडली त्याच्यासंगं. डबी घरी असती त मी काय केलं असतं, देव जाने.

सांजेले सून आली, चिखलाचे पाय तसेच, आन् आधी पोट्ट्याचं तोंड हुंगलं. मंग माह्या तोंडापासी नाक आनलं. तशीच दूध पाजाले बसली. मले लई लागलं, जेवलीबी नाई मी. पन दुसऱ्या दिवशी सकारी पोट्टं पुन्हा माह्याच मांडीत.

आता धान कापाले आलं. गावात माह्यासंगं त्या पोट्ट्याबिगर कोनी नाई, आन् त्याले त अजून बोलताबी येत नाई. सून रोज सांजेले हुंगते, त्याले आन् मले. मी म्हनतो, हुंग वं बाई, जलमभर हुंग, देव तुले सुखात ठेवो, पोट्टं तेवढं माह्यापासी ठेवत जा.